चाकाखालची लिंबं

बाबा,

आज पूजेच्या वेळी तुम्ही मुद्दाम सांवेरला निघून गेलात आणि खरी मजा हुकली! आईने मी बनवलेल्या गाडीला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली, मी पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि खालून कडाड! मागची चाकं फिरवणारा शाफ्टच उसासारखा पिळवटून तुटला. गजब ताकद आहे हो नव्या इंजिनात! तुमच्या अँबेसेडरच्या जुन्या शाफ्टला ती पेलवलीच नाही. लिंबं मात्र जशीच्या तशी.

मी मल्हारगंजला खरादवाल्या भियाकडून लेथवर जाड शाफ्ट बनवून आणतेय. आईही येतेय, ऐकतच नाही. मागच्या चाकांना लावलेल्या विटा काढू नका. शाफ्टच नाही, तर आता गिअरमध्ये ठेवूनही गाडी थांबणार नाही. शिरा झाकून ठेवलाय.

आई म्हणते, बाबांची अँबेसेडर कापून ही गाडी बनवलीस आणि पूजेला तेच नव्हते, म्हणून गाडी अडली. मी असलं काही मानत नाही.

तरी लिंबं तिथेच राहू द्या. चावी तुमच्या खुर्चीवर ठेवलीय. संध्याकाळी शाफ्ट मी बसवते, गाडी तुम्ही काढायची.

संहिता