उजव्या विंगचा वेग एक्केचाळीस असल्याबाबत

प्रति,
मा. संग्रहालय अधिकारी,
क्रीडा संग्रहालय, मुख्य स्टेडियम
(पश्चिम गॅलरीखाली, तिकीट खिडकीशेजारी)

विषय : ‘काल आणि आज’ या तुलना यंत्रातील माझा वेग वाढवण्याची मागणी मागे घेऊन त्याऐवजी दुसरी मागणी करण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) आपले “समकालीन पुरावा सादर करावा” असे एका ओळीचे पत्र.

महोदय,

१. खाली सही करणारा मी, वय वर्षे एकोणऐंशी, शहर फुटबॉल संघाचा माजी उजवा विंगर. लोक मला भिंगरी म्हणत. आपल्या यंत्रातही मी याच नावाने आहे, वेग शंभरपैकी एक्केचाळीस. बटण दाबले की पडद्यावर मी आणि हल्लीचा उजवा विंगर, वेग चौऱ्याण्णव, शेजारी शेजारी धावायला लागतो. तो गोल करून, जर्सी काढून, ती गरागरा फिरवून परत येतो तोवर मी मध्यरेषेपाशी असतो. लोक हसतात. मागच्या रविवारी एका गृहस्थांनी ओळीने सहा वेळा बटण दाबले. मी मागेच उभा होतो. त्यांनी मला ओळखले नाही, उलट “तुम्हाला बघायचंय का?” म्हणून जागा करून दिली.

२. हा आकडा एकमेव उपलब्ध चित्रफितीवरून काढला आहे, असे आपल्या कारकुनांनी सांगितले. “काका, मशीन मोजतं, आम्ही नाही,” हे त्यांचे शब्द. मशीनबद्दल माझी तक्रार नाही. ती चित्रफीत छपन्न वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्याची असून त्यात फक्त उत्तरार्ध आहे. पूर्वार्धात कॅमेरावाला प्रमुख पाहुण्यांचे चित्रण करण्यात गुंतला होता. पाहुणे खुर्चीत बसले होते, त्यांचा वेग कोणी काढलेला नाही. त्याच पूर्वार्धात, अडतिसाव्या मिनिटाला, माझा उजवा गुडघा कामातून गेला. आमच्या स्पर्धेत तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती. मी बाहेर गेलो असतो तर संघ दहावर आला असता, म्हणून जर्सीची बाही फाडून गुडघ्याला बांधली आणि उत्तरार्धाची सगळी पंचेचाळीस मिनिटेही लंगडत काढली. आपण मोजले आहे ते हे लंगडणे. सामना आम्ही हरलो.

३. हल्लीच्या विंगरबद्दल माझ्या मनात राग नाही, असे लिहायची पद्धत आहे. राग आहे. पोरगा चांगला खेळतो, डावा पायही चालतो, हे नाकारत नाही. पण त्याला कोणाची सावली लागली तरी तो आडवा होतो आणि चार माणसे पिशव्या घेऊन धावतात. आमचा ट्रेनर एक बादली आणि एक स्पंज घेऊन यायचा, आणि तोच स्पंज अकरा जणांच्या तोंडावरून फिरायचा. चेंडू भिजला की दगड व्हायचा. डोक्याने मारला तर शिलाईचा ठसा कपाळावर दोन दिवस राहायचा. बुटांचे खिळे आतून वर यायचे, त्यावर आम्ही पुठ्ठा घालायचो. आपल्या यंत्रात वय, उंची, वेग, गोल असे सगळे रकाने आहेत. चेंडूच्या वजनाला रकाना नाही, मी शोधला.

त्या गुडघ्यानंतर मी पुन्हा खेळलो नाही. आपल्या शेजारच्याच तिकीट खिडकीत एकतीस वर्षे बसून इतरांच्या धावण्याची तिकिटे विकली.

४. आपण पुरावा मागितलात. माझ्या संघातले दहाही जण गेले. त्या सामन्यातला जिवंत माणूस एकच उरला आहे, समोरच्या संघाचे डावे बचावपटू. त्यांना सगळे अडसर म्हणत. अडतिसाव्या मिनिटाचा पाय त्यांचाच. नात्याने ते आता माझे व्याही लागतात. माझ्या मुलाने त्यांच्या मुलीशी लग्न ठरवले तेव्हा दोन्ही संघांतली जुनी मंडळी पोट धरून हसली होती. गेली बावीस वर्षे आम्ही दोघे बागेतल्या एकाच बाकावर बसून नव्या खेळाडूंच्या नावाने बोटे मोडत आलो. गुडघ्याचा विषय निघाला की ते म्हणायचे, “व्याहीबुवा, मैदान ओलं होतं, घसरलो हो.” मैदान ओले होतेच. मी ते मान्य केले होते.

५. त्यांच्याकडे मी लेखी जबाब मागायला गेलो. हा माणूस वेगवान होता, एवढे एकच वाक्य मला हवे होते. ते दोन दिवस कागद घेऊन बसले. नंतर हातात दिला तो मजकूर जसाच्या तसा असा :

“हा माणूस पूर्वार्धात तीनदा माझ्या बाजूने निघून गेला. तिन्ही वेळा मला त्याची पाठसुद्धा नीट दिसली नाही. चौथ्यांदा आला तेव्हा चेंडू कुठे आहे ते मी पाहिलंच नाही. मैदान ओलं होतं, पण मी घसरलो नव्हतो. याला आपण गाठू शकत नाही हे कळलं, म्हणून गुडघा बघून पाय मारला.”

खाली सही. कोणी शंका घेऊ नये म्हणून अंगठाही.

६. महोदय, यापेक्षा चांगला पुरावा कोणत्या विंगरकडे असेल असे मला वाटत नाही. चौऱ्याण्णववाल्यालाही कोणी असे प्रशस्तिपत्र दिलेले नसेल. कागद वाचून मला आधी आनंद झाला, हे कबूल करतो. तो घरी पोचेपर्यंत टिकला. जिना चढताना तिसऱ्या पायरीवर नेहमीप्रमाणे गुडघा अडकला आणि मी कठडा धरून तिथेच रडलो. व्याह्यांचे मन मोकळे झाले. आता त्यांना जेवण जाते, असे सून सांगते. आम्ही बाकावर बसणे बंद केले आहे. सुनेला वाटते, खेळावरून काहीतरी वाजले असेल.

७. आपल्या पत्राच्या मागे नियम छापला आहे की, वाढीव आकड्याचा पुरावा मूळ स्वरूपात यंत्राशेजारी काचेत लावण्यात येईल. माझी सून, म्हणजे त्यांची मुलगी, बावीस वर्षे रोज संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी घेऊन माझा हा गुडघा शेकते. आपले वडील घसरले होते, असे तिला लहानपणापासून माहीत आहे. दर रविवारी मला घ्यायला ती आपल्या संग्रहालयात आत येते आणि भिंतीवरचे सगळे वाचते. काचेतला कागदही वाचेल. त्यानंतर तिने ती पिशवी माझ्या गुडघ्यावर कोणत्या हाताने ठेवायची, याचे उत्तर आपल्या नियमांत नाही.

म्हणून जबाब जोडलेला नाही. या अर्जावरही कृपया आवक क्रमांक टाकू नये, वाचून फाडावा. या इमारतीत निदान एका माणसाला माझा खरा वेग माहीत असावा, एवढ्यासाठी लिहिले.

८. आकडा एक्केचाळीसच राहू द्यावा. मात्र आपल्या कारकुनांच्या सांगण्यानुसार दिवसाला दीडशे वेळा तरी बटण दाबले जाते, आणि तितक्या वेळा मी त्याच गुडघ्यावर पुन्हा धावतो. हल्ली एका सामन्यात पाच बदली खेळाडू चालतात, असे मी आपल्याच फलकावर वाचले. त्यांपैकी एक मला मिळावा. पडद्यावर माझ्या जागी कोणालाही उतरवा, त्याचा वेग काहीही असो. फक्त रेषेवर, बदलीच्या पाटीवर दाखवतात तसा, माझा क्रमांक वर करून दाखवावा, ही नम्र विनंती. छपन्न वर्षे झाली, मला अजून कोणी बाहेर बोलावलेले नाही.

आपला नम्र आणि अद्याप मैदानातच असलेला,

भिंगरी
जर्सी क्रमांक ७
दि. १९ मार्च

सोबत :
१) तिकीट खिडकीच्या नोकरीचे ओळखपत्र.
२) छपन्न वर्षांपूर्वीचा डॉक्टरांचा दाखला. त्यावर “खेळताना अपघात” असे लिहिले आहे, ते तसेच राहू द्यावे.
३) व्याह्यांचा जबाब : जोडलेला नाही.