कळी उमलायच्या आत

प्रिय धाकट्या,

पेपरात तुझा फोटो पाहिला. हातात कुंडी, कुंडीत आपली पिवळी वेल आणि खाली बातमी: पुष्पप्रदर्शनात पहिला आलेला स्वीटपीचा नवा संकर. निर्माता म्हणून तुझं एकट्याचं नाव! वाचताना माझा अर्धा कप चहा टेबलावर सांडला. रागाने सांडला असं समज. सात वर्षं मी मरमर मरायचं आणि तू आयत्या बिळावर नागोबा!

नावाचं एक वेळ गिळलं असतं. पण तू वार्ताहराला सांगितलंस काय, तर फूल छान उमललं की कुंचल्याने दुसऱ्याचे पराग लावायचे. अरे शहाण्या, वाटाण्याच्या कुळातलं फूल उमलेपर्यंत आतल्या आत स्वतःचेच पराग घेऊन मोकळं झालेलं असतं! मिटलेली कळी चिमट्याने उघडायची, दहाच्या दहा पुंकेसर काढायचे, मग परके पराग लावून लाल दोरा बांधायचा. बाबांनी आपल्याला एकाच टेबलाशी बसवून शिकवलं होतं. माझ्या कळ्या फाटायच्या, तुझी एकही फाटली नाही. मला तेव्हाही तुझा राग यायचा. आणि तूच हे विसरावंस?

स्वीटपीची सुवासिक बागवेल आणि बिनवासाची पिवळी रानवेल, नात्यातल्याच, पण एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या. चारशे कळ्या केल्या. शेंगा धरायच्या आणि गळायच्या. शेवटी एक बी रुजलं. त्या रोपाची एक फांदी मी तुला लावून दिली, सांभाळ म्हणून. मिरव असं मी म्हटलं नव्हतं.

आता नीट वाच. माझं मूळ रोप मंगळवारी कुजून मेलं. तुझ्या हातातली कुंडी तेवढी उरली आहे. तिला आपसूक बी धरत नाही, मिटल्या कळीत हाताने बागवेलीचे पराग लावले तरच आशा. आणि गेल्या हिवाळ्यापासून माझा उजवा हात थरथरतो. तुला कळवलं नव्हतं. कप धरवत नाही, तिथे चिमटा कुठला धरणार? फोटोत खालच्या देठावर दोन कळ्या अजून मिटलेल्या दिसतात. त्या उमलायच्या आत कुंडी घेऊन निघ. भांडण राखून ठेवलं आहे, ते नंतर करू. बाबांचा चिमटा पुसून टेबलावर ठेवला आहे, तुझ्या बाजूला.

नाइलाजाने तुझीच,
ताई