शिंप्याची नोंद

५ जानेवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

मागच्या वर्षाच्या वन्यगणनेचा निकाल तयार आहे. पक्षी आणि सस्तन प्राणी मिळून माझ्या एकशे बारा जाती झाल्या, तुझ्या सत्तावन्न. तू पाठवल्या होत्यास बऱ्याच जास्त, पण परीक्षक या नात्याने मला त्या नाइलाजाने खोडाव्या लागल्या. स्पर्धकही मी आणि परीक्षकही मीच, यावरून तू दरवर्षी नाक मुरडतेस. पण गणना सुरू केली तेव्हा आपण सहाजण होतो आणि माझ्या शिस्तीमुळे आता दोघंच उरलो आहोत. तीस वर्षं वजनमापं तपासण्यात घालवलेल्या माणसाला उणं खपत नाही.

वसतिगृहाच्या कोठीतला उंदीर हा वन्य प्राणी नव्हे, तो भाडेकरू. घुबड तू नुसतं ऐकलंस. ऐकलेलं धरायचं तर तुझ्या वहिनीच्या घोरण्यावरून मला रोज एक अस्वल लिहावं लागेल. आणि ‘बहुतेक ससाणा’ या नावाचा पक्षी माझ्या एकाही पुस्तकात नाही.

दुसरं, तुझी पत्रं फार लांबत चालली आहेत. आधी पाण्याची टाकी, मग मुलींची भांडणं, मग गुडघे. ती पानं मी न वाचताच वहिनीकडे देतो, तिला त्यात रस असतो. शेवटचं पान, पक्ष्यांचं, मी माझ्या पत्राच्या नकलेसह फायलीत लावतो. तेव्हा कामाचं जे असेल ते त्या पानावर लिहीत जा. जात, ठिकाण, काय करत होता. स्वतःची मतं नकोत.

एप्रिलअखेर तू निवृत्त होतेस आणि रेक्टरची खोली सोडावी लागेल. मी गॅलरी बंद करून तुझ्यासाठी खोली करवून घेतली आहे. पलंगाचं माप घ्यायला सुतार येऊन गेला (माणूस, नोंदीत धरू नकोस). खिडकीसमोर मोठं झाड आहे. दुपारी मी झोपतो तेव्हा तू नजर ठेवलीस तर माझी गणना सहज वाढेल. तुला विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

प्रकृतीला जप, दुर्बिणीला त्याहून जप.
तुझा दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ही पानं तू वाचणार नाहीस, तेव्हा वहिनी, हे तुमच्यासाठीच. निकालपत्र पावलं. आपलीच पाठ आपणच थोपटायला हात किती मागे वळवावा लागतो, ते एकदा तुमच्या यजमानांना विचारा. खांदा धरला तर शेक द्या.

इकडे मुलींनी पडद्यांवरून बंड केलं. रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं म्हणे. म्हणून समोरच्या गल्लीतल्या शिंप्याला बोलावलं. माणूस बोलायला कमी, हसायला तयार. त्यांनी सगळ्या खिडक्यांची मापं घेतली, मग पुन्हा येऊन घेतली. तेवढ्यात नऊ नंबरच्या खोलीत वटवाघूळ शिरलं. मुली किंचाळत जिन्यात, मी खुर्चीवर उभी, आणि त्यांनी ते पडद्याच्या कापडात अलगद धरून खिडकीबाहेर सोडलं. मग माझा हात धरून मला खुर्चीवरून उतरवलं. त्या दिवशी चहा केला. पडदे लागून महिना होत आला, चहा अजून चालू आहे. बाकी गुडघे बरे आहेत, म्हणजे असं मला हल्ली वाटतं.

आता दादा, तुझं पान.

वटवाघूळ. खोली नंबर नऊ. घिरट्या घालत होतं. पाहिलं, नुसतं ऐकलं नाही.

मुंगूस. कोठीमागे. मला पाहून गेलं, घाईत नव्हतं.

शिंपी. समोरच्या गल्लीतला. जोडीदारीण गेल्यापासून बरीच वर्षं एकटा. रोज संध्याकाळी इथे येतो. आता पुन्हा जोडीने राहायचं म्हणतो आहे. मला पसंत आहे. हे मुद्दाम तुझ्या पानावर लिहिते आहे, म्हणजे ते तुझ्या हाती राहील. तुझं मत सरळ कळव. तू हो म्हणालास तर मला धीर येईल.

रागावलास तरी पत्र टाकायचं थांबवू नकोस.
तुझी चिमी


२३ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

मुंगूस मान्य. वटवाघूळ मान्य, पण जात न लिहिल्याबद्दल ताकीद. शिंपी मान्य.

मात्र ‘मला पसंत आहे’ ही काय नोंद झाली? जोडी त्याला करायची आहे, तुझ्या पसंतीचा संबंध काय? पण मत विचारलंच आहेस म्हणून सांगतो. जोडीदारीण गेली म्हणून नराने जन्मभर एकटं बसावं, असा निसर्गात कुठेही नियम नाही. ही खुळं माणसांनी काढली. त्याने खुशाल नवी जोडी करावी. वय झालं असलं तरी हरकत नाही. शिवण्यात तर तो कुणाला हार जात नाही, तेव्हा घर नेटकं होईल यात शंका नको. परवानगी देणारा मी कोण?

तू फक्त फार लुडबूड करू नकोस, बिचकतात. जमलं की लगेच कळव, एकाचे दोन लिहीन.

खोलीला रंग लागला. पलंग येईपर्यंत तो वाळेल.
तुझा दादा


६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे तरी वाच. तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग दार लावून थोडी रडले. मला वाटलं होतं तू आकाशपाताळ एक करशील. आणि तू इतका मोठ्या मनाचा निघालास. ‘ही खुळं माणसांनी काढली’ हे मी त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली आणि असा भाऊ पाहायलाच हवा म्हणाले. लुडबुडीचं वाचून दोघंही हसलो. थट्टेची तुझी सवय काही जायची नाही.

वहिनी, बातमी दादाच्याच तोंडून ऐका, तो मान त्याचा. गॅलरीतल्या खोलीचं त्याला वाईट वाटेल, तेवढं सांभाळून घ्या.

तुझं पान.

शिंपी. जोडी जमली. नोंद चार एप्रिलला सकाळी अकरा वाजता. साक्षीदार लागतो. तो तूच हवास, दुसरा कुणी नको.

वाट पाहणारी,
चिमी


१४ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तारीख आणि वेळ आगाऊ ठरवून दिलेली ही गणनेतली पहिलीच नोंद. शिंपी घड्याळ कधीपासून वापरू लागले? तुझा उत्साह मी समजू शकतो, पण उत्साहालाही काही माप असावं.

साक्षीदाराचा नियम मीच केला, पण तो दुर्मीळ जातींसाठी. गरुड असता तर रात्रीची गाडी पकडून आलो असतो. एका शिंप्यासाठी मी एवढा प्रवास करायचा? असले शिंपी इथे कुंपणाकुंपणाला मिळतात, त्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही साक्षीला उभं कर. शिवाय चार तारखेला मी तलावावर जाणार आहे. बदकं निघून जायच्या आत पाहायला हवीत.

सामान बांधायला लाग. भांडी आणू नकोस, इथे आहेत.
तुझा दादा


१९ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या नावाने टाकते आहे. सोबत दादाचं पत्र जोडलं आहे, तुम्हीच वाचा.

मी काही राजवाडा मागितला नव्हता. नोंदणी कचेरीत साक्षीच्या रकान्यात माहेरचं एक नाव असावं, एवढंच मनात होतं. आईवडील नाहीत, दादाशिवाय मला आहे कोण? त्याला हे लग्न नको होतं तर तसं लिहायचं. आधी मोठ्या मनाने हो म्हणायचं आणि मग असले शिंपी कुंपणाकुंपणाला मिळतात म्हणून हिणवायचं, हे मला सोसत नाही. गरुड असता तर आला असता म्हणे. पन्नाशी उलटलेल्या बाईला मागणी घालायला गरुड कुठून येणार?

त्यांना मी हे पत्र दाखवलेलं नाही. दादाला काम आहे असं सांगितलं. त्यांनी दादासाठी कोट कापायला घेतला होता. माप नव्हतं म्हणून जुन्या फोटोवरून अंदाज बांधत होते. आता तो शिवा म्हणू की राहू द्या म्हणू, सांगा.

गणनेतून माझं नाव काढायला सांगा. बदकांना त्याची सोबत लखलाभ.
तुमची चिमी


२४ मार्च

चि. चिमीवन्संना,
अ. आ. आणि आधी हसून घेते.

तुमच्या भावाने तुम्हाला हिणवलं नाही. हिणवायला आधी कळावं लागतं. वन्सं, ते आजवर शिंपी पक्ष्याबद्दल बोलत होते. तो एवढासा, पानं शिवून घरटं करणारा. तुमचं सगळं लग्न त्यांनी कुंपणात बसवलं.

माझाही दोष नाही. पडद्यांचं वाचलं तेव्हाच मला वास आला होता. पुढे बातमी काय म्हणून यांना विचारलं, तर शिंपी जोडी करतो आहे, असं म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. मला वाटलं, माणूस म्हातारपणी सुधारला. त्या दिवशी मी त्यांना न मागता दुसरा चहा दिला. तो वसूल करायचा आहे.

तुमचं पत्र आल्यावर मी फाईल काढली आणि सगळी पानं त्यांना ओळीने वाचून दाखवली. चष्मा काढून बसले. शिंपी म्हणजे शिवणारा का, असं विचारलं. मी म्हटलं, दोघेही शिवतात. मग मात्र चढले. तीस वर्षं शिंप्यांच्या गजपट्ट्या तपासल्या, एक पुरी भरली नाही, आणि त्यातलाच एक आता घरात येणार. लोक काय म्हणतील. या वयात ही थेरं. मी म्हटलं, या शिंप्याने एकेका खिडकीचं माप दोनदोनदा घेतलं आहे, तुम्हाला आणखी काय तपासायचं आहे? आणि त्यांचंच पत्र समोर धरलं. पाखराला तुम्ही एवढं शहाणपण दिलंत, बहिणीची पाळी आली तेव्हा संपलं का, असं विचारलं. तेव्हापासून दोन दिवस त्या रंगवलेल्या खोलीत जाऊन बसतात. झाडाकडे बघत नाहीत, हे मी पाहून आले.

ते येवोत न येवोत, मी तीन तारखेला निघते आहे. माहेरचं नाव नसेल, पण भावजय काही रस्त्यावरची नव्हे. कोट शिवू द्या. पोटाकडे सैल ठेवायला सांगा. आणि घोरण्याचं मी वाचलं आहे, त्याबद्दल तिकडे येऊनच सविस्तर सांगते.

भेटीत सगळं, तोवर धीर धरा.
तुमची वहिनी


२७ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

पत्राच्या सुरुवातीला समोरच्याची खुशाली विचारतात, असं तुझ्या वहिनीने मला शिकवलं आहे. तर, कशी आहेस?

या लग्नाला माझा विरोध आहे. तो मी सोडलेला नाही. मला न विचारता ठरवलंस, असं लिहायला बसलो होतो, तर तू विचारलं होतंस, आणि मी संमती दिली आहे ती माझ्याच अक्षरात फायलीला लावलेली आहे. मी आयुष्यभर दुकानदारांना त्यांच्याच कागदावर पकडलं. पकडलं गेल्यावर कसं वाटतं ते आता कळलं. फार वाईट वाटतं.

एक गोष्ट वहिनीला सांगू नकोस. झाडाचं आणि गणनेचं मी जे लिहिलं ते खोटं होतं. तू इथे यावंस, एवढंच मला वाटत होतं. संध्याकाळी कुणीतरी माझ्याशी भांडायला हवं असतं. वहिनी भांडत नाही, ती जिंकते. ती खोली आता मी कुणाला देणार नाही. वर्षातून महिनाभर तुम्ही दोघं येऊन राहा. पलंग एकट्याच्या मापाचा होता, सुताराला परत बोलावलं आहे.

आम्ही दोघं तीन तारखेच्या गाडीने निघतो आहोत. विरोध मी येऊन तोंडीच करीन. लिहून केला की माझ्या हातून भलतंच होतं. त्यांनी सगळं नीट ऐकून घ्यावं, मध्ये बोलू नये. अकराला सही करतो, त्यानंतर विरोध करतो.

मेहुण्यांना माझा नमस्कार सांग.
तुझा दादा