चेहऱ्यावरची सावली

आष्टी, ता. परतूर
३ फेब्रुवारी २०२५

ती. सोमेश्वरमामांस,
तृप्तीचा सा. न. वि. वि.

सोबत एक फोटो ठेवला आहे. आधी तो बघा, मंग पुढचं वाचा. तुमच्या कानांमुळं फोनवर अर्धं बोलणं हवेत जातं, आणि फोटोबद्दल मला तुमचं लिहिलेलंच लागतं. आईला हसू येतं. ती म्हणते, पोस्टमन आता फक्त बँकेची पत्रं आणि मामा-भाचीचे लखोटे वाटतो.

अण्णांच्या शेडवर मोसंबीची निवड चालू आहे. सकाळी सातला पत्र्याच्या भोकांतून ऊन आत येतं आणि बायकांच्या अंगावर, फळांच्या ढिगावर ठिपकेच ठिपके पडतात. मधल्या रांगेत बेबीनंदा बसली होती. दोन वर्षांखाली लेकीला घेऊन गावात आल्ती, तेव्हापासून आमच्याकडंच कामाला आहे. बोलते फार कमी. एक मोसंबी हातावर तोलून बघत होती, तेवढ्यात मी फोटो काढला.

हा फोटो मी ‘उजेडाची शाळा’वर टाकला. मोबाईलवरचा हौशी लोकांचा गट आहे, तीस हजार जण असतील. फोटोखाली ठिकाण आणि वेळ लिहायची, मंग काय जमलं, काय फसलं ते बाकीचे सांगतात. जालन्याच्या नसरीन मॅडम तो गट चालवतात. त्या सहसा कुणाला चांगलं म्हणत न्हाईत. मला त्यांनी डावीकडचा क्रेट कापायला सांगितला आणि पुढं काहीच बोलल्या न्हाईत, म्हणजे पावती मिळाली समजा!

हरिओम नावाच्या एका गृहस्थांनी तर चार वेळा लिहिलं. उजेड सुरेख आहे, पण चेहरा अंधारात गेला, सावली थोडी उचला, म्हणजे चेहरा उजळा, असं त्यांचं म्हणणं. मी उचलली आणि फोटो परत टाकला. सहाशे जणांना आवडला, मामा. मंग त्यांनी नीट चौकशी केली. शेड कोणत्या रस्त्याला आहे, असं ऊन किती वाजता येतं, याच बायका रोज असतात का. त्यांना स्वतः येऊन फोटो काढायचेत. मी सगळं सांगितलं.

आता तुम्ही फोडून काढा. फक्त सुरुवात एका चांगल्या गोष्टीनं करा. मामींना नमस्कार. माया आहेच, ती दोन ओळींनी वाढू द्या.

तुमची,
तृप्ती


॥ श्री गणेश प्रसन्न ॥
राजूर, ता. भोकरदन
७ फेब्रुवारी २०२५

चि. तृप्तीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो स्टुडिओच्या काउंटरच्या काचेवर ठेवून तीनदा बघितला. गणपतीला चतुर्थीची गर्दी व्हायला अजून अवकाश आहे, दुकानात माश्याच आहेत, म्हणून वेळ मिळाला. चांगली गोष्ट आधी मागितलीस, तर घे. हात बराबर आलेत. फळाचं वजन त्या हातात दिसतं. चाळीस वर्षांत मला असा हात दोनदाच मिळाला असंल.

पण चेहरा तू खडू फासल्यागत केलास. सावली जिथं होती तिथं बिलकुल बराबर होती, असं मला वाटून राह्यलं.

आता दुसरं. त्या बाईला इचारलं होतं का? पत्र परत वाचलं, त्यात कुठं दिसलं न्हाई. मी शोकेसमध्ये फोटो लावायच्या आधी माणसाच्या घरी जाऊन इचारायचो. एकदाच न्हाई इचारलं. एका पोरीचा फोटो लावला, तर एक माणूस रोज काचेसमोर येऊन उभा राहायला लागला. आठव्या दिवशी तिचे वडील रडत आल्ते. त्याच्या पुढचं मी तुझ्या मामीलाबी सांगितलं न्हाई.

आणि तुझा तो हरिओम. फोटो काढणारा माणूस ऊन किती वाजता येतं ते इचारील. याच बायका रोज असतात का, हे तो कशाला इचारील? हे वाचलं तवापासून माझं चित्त थाऱ्यावर न्हाई.

फोटो आजच उतरव. त्या बाईला जाऊन भेट. उत्तर जल्दी लिही, मी वाट बघून राह्यलो.

तुझा,
सोमेश्वरमामा


आष्टी
१० फेब्रुवारी २०२५, संध्याकाळ

ती. मामांस,
सा. न.

हे पत्र लतीफभाईंच्या हातून पाठवते आहे. ते आमच्या टेम्पोवर आहेत, उद्या माल घेऊन जालन्याला जातील आणि तिथून तुमच्याकडं येतील. पोस्टाला चार दिवस लागतात आणि माझ्याकडं चार दिवस न्हाईत.

तुमचं पत्र दुपारी आलं. तशीच बेबीनंदाच्या खोलीवर गेले आणि तिला मोबाईलवर फोटो दाखवला. ती उंबऱ्यावर खाली बसली. पहिलं काय विचारलं असेल, तर हे किती लोकांनी बघितलं. सहाशे हा आकडा मी तुम्हाला किती तोऱ्यात लिहिला होता. तिला तोच आकडा खाली बघून सांगितला.

तिचा नवरा परभणीकडचा आहे. त्यानं तिचा हात तापल्या तव्यावर दाबून धरला होता. ती लेकीला घेऊन निघाली, तेव्हा त्यानं निरोप पाठवला की जिथं सापडशील तिथून पोरगी नेईन आणि तुला जिवंत ठेवणार न्हाई. आमच्या शेडवर आल्याच्या पहिल्याच दिवशी तिनं गोजरबाईंना, म्हणजे बायकांच्या मुकादमिणीला, सांगितलं होतं की कुणाच्या फोटोत मला येऊ देऊ नका. मी फोटो काढताना गोजरबाईंनी बघितलं होतं. मालकाच्या पोरीला कसं अडवायचं, म्हणून त्या गप्प बसल्या.

मंग मी त्या हरिओमचं खातं उघडून नीट बघितलं. त्यानं स्वतः काढलेला एकही फोटो न्हाई, नुसते पाखरांचे फोटो, तेही दुसऱ्यांचे उचललेले. दोन वर्षांत त्यानं फक्त कामावरच्या बायकांच्या फोटोंखाली लिहिलंय. परभणी, बीड, जालना. कापूस वेचणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, कांदा कापणाऱ्या. प्रत्येकीखाली एकच सल्ला, चेहरा उजळा. लोक त्याला धन्यवाद देतात, मामा. मीपण दिले होते.

त्यानं मला उजेडाबद्दल स्वतःच्या आवाजात एक निरोप पाठवला होता, तो मी तिला ऐकवला. दुसऱ्याच शब्दाला तिनं नवऱ्याचा आवाज ओळखला आणि लेकीचे कान झाकले.

तो गुरुवारी येणार आहे. आज सकाळीच त्यानं तसं लिहिलंय. फोटो मी काढून टाकला, पण रस्ता, वेळ, रांग, सगळं त्याच्याकडं आहे आणि ते मीच दिलंय. फोन बंद करून गव्हाच्या कोठीत खुपसला आहे. रस्त्यानं मोटारसायकल गेली की मी दाराची कडी बघून येते. अण्णांना अजून सांगितलेलं न्हाई. काय करू ते लिहा.

तुमची,
तृप्ती


राजूर
११ फेब्रुवारी २०२५

चि. तृप्तीस,
आशीर्वाद.

लतीफभाई चहा घेऊन राह्यलेत, तेवढ्यात लिहितो. अण्णांना हे पत्र हातात पडल्याबरोबर सांग. ते रागावतील, रागावू दे.

उद्या दुपारी क्रेट भरायची गडबड असती, तवाच त्या मायलेकींना लतीफभाईंच्या टेम्पोत बसवून माझ्याकडं पाठव. अंधाराची वाट बघू नको. भर दिवसा टेम्पोकडं कोणी वळून बघत न्हाई. मामीनं वरची खोली झाडायला घेतली आहे.

त्या माणसाचं लिहिणं पुसू नको. सगळं कागदावर छापून घे आणि लतीफभाईंसोबत दे, पोलिसांत लागंल. मातर ठाण्यात जायचं का न्हाई, ते ती बाई ठरवील. तिला न इचारता एक काम झालं तेवढं पुष्कळ झालं.

तो येईल तवा त्याला तिचा माग लागेल असं काही करू नका. अण्णांचा हात उठला, तर बाई तिथंच होती हे त्याला कळंल. मलाबी भ्या वाटून राह्यलं, तृप्ती.

सांभाळून राहा.
मामा


आष्टी
१५ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मायलेकी पोचल्याचं लतीफभाईंनी सांगितलं. आता इथलं ऐका.

गुरुवारी अण्णा आणि भावकीतली चार माणसं सहा वाजल्यापासून शेडवर बसून होती. तो शेडवर गेलाच न्हाई. आमच्या घरी आला. मी गटावर अण्णांचं नाव लिहिलं होतं, त्यावरून त्यानं घर विचारत काढलं. गळ्यात मोठा कॅमेरा होता, त्याच्या काचेवरचं झाकण त्यानं शेवटपर्यंत काढलं न्हाई. तृप्तीताईंच्या फोटोच्या ग्रुपातला आहे म्हणाला, आणि आईनं त्याला आत बसवून चहा ठेवला. आई घाबरू नये म्हणून आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं. केवढी चूक!

मी बाहेर आले तर तो भिंतीवरचे माझे फोटो बघत उभा. एकेकाबद्दल बोलला. या बैलाचं शिंग कापलं गेलंय, या दारात उजेड जास्त झालाय. आणि मामा, त्याचं बरोबर होतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मंग त्यानं हळू आवाजात विचारलं, की मधल्या रांगेतली बाई कुठं आहे. मी म्हटलं, तो फोटो माझा न्हाईच, नेटवरून उचलला. त्यानं माझेच निरोप माझ्यासमोर धरले, रस्ता, वेळ, सगळं. मी म्हटलं, वाहवा मिळावी म्हणून थापा मारल्या. तो हसला आणि म्हणाला, मंग हे तिथं सगळ्यांसमोर लिहा.

मी लगेच लिहिलं न्हाई. हे तुम्हालाच सांगते. कोठीतून फोन काढून आणला, चालू केला, आणि क्षणभर मला वाटलं की हा माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो आहे. तेवढा एक क्षण मला बेबीनंदा आठवली न्हाई. मंग लिहिलं. फोटो चोरलेला आहे, कुठला ते मला माहीत न्हाई.

नसरीन मॅडमनी सगळ्यांसमोर एकदाच विचारलं, की हे खरं का. मी हो लिहिलं. पंधरा मिनिटांत त्यांनी मला गटातून काढलं. तेवढ्या वेळात किती जणांनी चोर म्हटलं ते मी मोजलं न्हाई. त्याच्या मोबाईलवर ते दिसतच होतं. तो एकेक वाचत बसला, वाचता वाचता चहा संपवला, आणि आईला चहा छान झाला म्हणून उठला.

तरी शेडवर गेलाच. फोटो दाखवून गोजरबाईंना विचारलं. त्यांनी फळावरची नजर न काढता सांगितलं, की आमच्या रांगेत सगळ्या गावातल्याच सुना आहेत, आणि कामात खोळंबा करू नका. एकाही बाईनं मान वर केली न्हाई. अण्णांनी दोन्ही हात खिशात कोंबून ठेवले होते. अर्धा तास उभा राहून तो परतूरच्या रस्त्यानं गेला.

नसरीन मॅडमना खरं सांगावं असं दहादा मनात येतं. पण ते खरं मंग एका मोबाईलमध्ये जाऊन बसेल, आणि तिथून कुठं जाईल ते माझ्या हातात न्हाई. म्हणून राहू द्या.

बेबीनंदाला काही सांगू नका. नुसती ती जेवते का, तेवढं कळवा.

तुमची,
तृप्ती


राजूर
२० फेब्रुवारी २०२५

चि. तृप्तीस,
आशीर्वाद.

ती जेवती. पोरगी मामीच्या मागं मागं असती. पहिले पाच दिवस बाईनं दुकानाकडं पाऊलबी टाकलं न्हाई. मंगळवारी सकाळी आपण होऊन खाली आली, तू छापून दिलेले कागद मागितले आणि म्हणाली, की ठाण्यात चला. तिथं साहेब बाई होत्या, त्यांनी तीन तास बसून सगळं लिहून घेतलं. हाताची खूण दाखवताना बेबीनंदा रडली न्हाई. मीच बाहेर जाऊन बसलो.

तू सांगू नको म्हणालीस, पण गुरुवारचं मी तिला सांगितलं. तिला कळायला पाहिजे असं मला वाटलं. ऐकून घेतलं आणि पोरीची वेणी घालायला बसली.

आजकाल गळ्यात कॅमेरा अडकवून कोणी दर्शनाला आलं की मी दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतो. आपल्या धंद्यातल्या माणसाला असं करावं लागतं, बघ.

तुझा,
मामा


१८ मार्च

तृप्तीताईंस नमस्कार.

मी आठवीपर्यंत शिकले, चुकलं तर समजून घ्या. मामांनी कागद पाकीट दिलं. गावाचं नाव वर लिहिलं न्हाई. मी आता राजूरलाबी न्हाई.

त्याला पोलिसांनी धरलं होतं, चार दिवसांत जामिनावर सुटला. माझ्यापशी यायचं न्हाई असा हुकूम हाय. कागद हाय, पण कागद दारात उभा राहत न्हाई, म्हणून मी पुढं निघाले. पोरगी शाळेत जाती. मला काम मिळालंय.

मामांनी समदं सांगितलं. तुमी माझ्यापायी चोर झाल्या. मला ते ऐकून बरं बी वाटलं आन राग बी आला. ताई, तुमचा गट गेला. माझं गाव गेलं. गोजरबाई गेल्या, त्या मला बहिणीवानी होत्या. दोन वर्षांनी मी कुठं दार उघडं टाकून झोपाय लागले होते. आता कुणी मोबाईल वर धरला की मी भिताडाकडं तोंड करती. पोरगीबी करती, मी न सांगता.

तुमी वाईट न्हाई, हे मला ठावं हाय. राग जाईल का ते ठावं न्हाई. गेला तर मामांकडं निरोप देईन. तवर काही लिहू नका, आन गोजरबाईंना सांगा की बाई जिवंत हाय.

वाचून झालं की कागद चुलीत घाला.

लोभ असू द्या. शोध घेऊ नका.