कूलर बसवू नका

अहो,

तो जुना ऑइल कूलर गाडीच्या नव्या इंजिनाला बसवू नका. बसवला असेल तर काढा.

वरून घासून आरशासारखा लख्ख केलात, ते दिसलं. त्यासाठी माझा भांड्यांचा ब्रश वापरलात, तेही दिसलं. पण जुनं इंजिन जाम झालं तेव्हा त्यातला धातूचा सगळा चुरा तेलाबरोबर याच कूलरच्या पोटात गेला, तो कोण काढणार? सकाळी मी त्यात उलट्या बाजूनं रॉकेल ओतलं, हलवलं आणि फडक्यावर रिकामं केलं. ते फडकं चिठ्ठीखाली ठेवलंय. उजेडात धरून बघा, कसं चमचमतंय. हा चुरा नव्या इंजिनात गेला की ये रे माझ्या मागल्या!

फडक्यावर एकही कण दिसेनासा होईपर्यंत असंच धुवा, मग हवा मारून वाळवा. तरी कण येतच राहिले तर भंगारात टाका आणि नवा आणा. "चालतंय गं" म्हणू नका. तेलाचा लाल दिवा लागला तेव्हाही हेच म्हणाला होतात, आणि घाटात गाडी बंद पडली तेव्हा आत मी आणि पोरगी होतो.

आम्ही बसनं आईकडे जातोय. जेवण झाकून ठेवलंय. ब्रश नवा आणा, तो आता भांड्यांना चालणार नाही.

बस म्हटल्यावर पोरगी तोंड फुगवेल असं वाटलं होतं मला. तिनं एवढंच विचारलं, "नक्की ना आई? बाबांच्या गाडीनं नाही ना जायचं?"