बाबूची धाव

अहेरी,
१८ एप्रिल २०२५

प्रिय बाबूभाई,

सलाम. रहमतभाभींना नमस्कार, आणि हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या तुझ्या नातीला, आफ्रीनला, आशीर्वाद. बेटा, माझं अक्षर आता पाय मोडलेल्या मुंगीसारखं चालतं. अडशील तिथं थांब, पण आजोबांवर चिडू नको.

फोन केला असता. पण गेल्या वेळी मी "तब्येत कशी आहे" विचारलं आणि तू "हो, भात झाला" म्हणालास. म्हणून आपलं पत्रच बरं. तुझे कान गेले, डोळे गेले, माझे गुडघे गेले. दोघांचं मिळून एक माणूस तरी धड होईल की नाही, शंका आहे.

इथं मोहफुलं संपत आली. सकाळी फिरायला गेलो की वाटेवर अजून तो गोड, जरा आंबूस वास येतो आणि मी नुसता उभा राहतो. नात दिव्यानी म्हणते, "आबा, तुम्ही फिराले जाता का उभं राहाले जाता?" काय सांगू तिला? सूरजागडाच्या लोखंडाच्या खाणीकडून येणाऱ्या ट्रकांनी रस्त्याकडेची झाडं तांबडी झालीत. पण वास अजून तोच आहे.

तुझं हजचं नक्की झालं हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. मे महिन्यात निघतोस, म्हणजे तिथंही ऊनच. घरचा दानिश सोबत आहे म्हणून काळजी नाही. हजला निघण्याआधीच्या रिवाजाप्रमाणे तू साऱ्या जुन्या मंडळींना लिहिलंस, "कहा-सुना माफ करना". ती ओळ मी चष्मा पुसून तीनदा वाचली. का, ते पुढे लिहितो. की लिहू नको?

आधी जिशानची गंमत. तुझा नातू अमेरिकेत ऑफिसातल्या मित्रांबरोबर डोंगरात हरणाच्या शिकारीला गेला, मोसम उघडला त्या पहिल्याच दिवशी! व्हिडिओ दिव्यानीनं दाखवला. भगव्या बंड्या घातलेले चार जण, पांढरा डोंगर, आणि पलीकडच्या उतारावर तिळाएवढं हरीण. त्यातला एक जण गोळी घालण्याआधी डोळ्याला एक यंत्र लावतो आणि अंतराचा आकडा मोठ्यानं वाचतो. मी ते यंत्र पाच वेळा पाहिलं. एवढी दरी मधे असताना त्याला पलीकडचं अंतर कसं कळतं? प्रकाश जाऊन परत येतो म्हणे. जाऊन परत येण्यावरून अंतर मोजायचं, ही कल्पनाच मला कवितेसारखी वाटली.

आणि तू लिहितोस, जिशान विचारतो, "दादा, तुमच्या वेळची सगळ्यात लांबची गोळी किती?" आणि तू त्याला सांगितलंस, गुणवंताला विचारतो, त्यानंच घातली होती.

बाबूभाई, आपल्याकडे कुठलं यंत्र होतं? आपलं यंत्र तुझे पाय. आपल्या दोस्ताच्या, हेमराजच्या, वडिलांचा परवाना, त्यांचीच रायफल, वाट दाखवायला लच्छू, आणि कमरेला सुरी लावून तू. जनावर पडलं की जीव असेतो तू पोचायचं, अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवायची, तरच तुझ्या घरी वाटा जाणार. म्हणून हेमराजनं नियम केला होता, "बाबूच्या धावेपलीकडं गोळी नाई." केवढं साधं माप! लच्छू तर जनावर दिसलं की आधी तुझ्या चपला पाहायचा आणि म्हणायचा, "आज हा तुटक्या चपलेवर आला, जवळचंच मारा गा."

आता जिशानला आकडा हवा आहे. तर मी ठरवलंय, उद्या दिव्यानीला घेऊन तिथं जायचं. एटापल्लीच्या वाटेवरचा तो आपला 'दोन पाठींचा डोंगर' मी चोपन्न वर्षांत पाहिलेला नाही. मास्तर असताना मुलांच्या सहली साऱ्या मुलखात नेल्या, तिकडे कधी नेली नाही. मोजून येतो आणि मग पुढचं लिहितो.

२१ एप्रिल

जाऊन आलो. गुडघे अजून बोलत आहेत.

पहिलं म्हणजे लच्छू आहे! मी त्याला मनातल्या मनात कधीच पोचवला होता. पायथ्याच्या गावात अंगणात बसून मोहफुलं वाळत घालत होता. वय विचारलं तर म्हणाला, "तूच सांग, शिकलेला तू." मग माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तू तो गाणे म्हणणारा नाई का? जनावर पळून जाये तुह्यानं." खरंच आहे. मचाणावर बसून मी यमक जुळवायचो. हेमराज कपाळाला हात लावायचा.

दिव्यानी मोबाइल घेऊन अलीकडच्या पाठीवर, जिथून मी नेम धरला त्या खडकावर उभी राहिली. खडक तसाच आहे, मधून भेगाळलेला. तिनं नकाशावर दोन खुणा केल्या. दोनशे चौसष्ट मीटर. जिशानला कळव. त्याच्या मित्रांपुढे हे काहीच नाही, पण आमच्या रायफलीला दुर्बीण नव्हती, आणि नेम धरणारा कवी होता हेही कळव.

मग दिव्यानीनं विचारलं, "आबा, हे तं गोळीचं झालं. बाबूआजोबाची धाव किती?" हे मला सुचलंच नव्हतं. ती उतरली. खाली नाला, त्यात घसरडे दगड, मग बांबूच्या दाट रांजीतून, बेटातून, वळसा, मग चढ. मी वरून तिची ओढणी दिसते-लपते तसा बघत होतो. पोचायला तिला तेरा मिनिटं लागली. ती बावीस वर्षांची आहे, आणि सकाळी पोटभर पोहे खाऊन निघाली होती. तुझा त्या दिवशी रोजा होता.

बेटा आफ्रीन, इथं थांब. घरात कोण आहे बघ. बाकी कोणी असेल तर पुढचं आजोबांच्या कानाशी लागून, हळू वाच.

नको. त्यांना ऐकायला येत नाही. तुला मोठ्यानंच वाचावं लागेल, आणि भाभी स्वयंपाकघरातून ऐकणारच. मग त्यांनाही बोलावून घे. त्यांचाही यात हक्क आहे. मी थांबतो, तू त्यांना बसू दे.

बाबूभाई, मोसमाचा पहिला दिवस होता. एकाहत्तर सालचा. पुढच्या मोसमाआधी कायदा आला आणि आपल्या बंदुका भिंतीवर गेल्या. तो आपला शेवटचाही पहिला दिवस ठरला. पलीकडच्या उतारावर सांबर उभं होतं. हेमराज म्हणाला, "गुणवंता, ठेव. बाबूच्या धावेपलीकडं हाय."  रहमतभाभींनी इफ्तारीला मोहल्ल्यातल्या चार घरांना सांगून ठेवलं होतं, ते मला ठाऊक होतं. पण मी गोळी त्यासाठी घातली नाही. तोवर माझ्या हातून साधं तितरही पडलं नव्हतं. हेमराजपुढे एकदा काहीतरी करून दाखवायचं होतं, एवढंच.

सांबर पडलं. तू नाल्यात उतरलास, लच्छू तुझ्यामागं. मी वरच्या कड्याकडेनं आडवा धावलो. ती वाट जवळची आणि धोक्याची, पण मी तेवीस वर्षांचा आणि पोटभर जेवलेला. आधी मीच पोचलो. लच्छूनंच शिकवलं होतं तसं गवताची काडी घेऊन मी सांबराच्या डोळ्याला लावली.

पापणी हलली नाही.

मी पुन्हा लावली. मोठा तपकिरी डोळा होता, त्यात आभाळ दिसत होतं. पुढे तीस वर्षं सहावीच्या वर्गात हरणाच्या डोळ्यांची एखादी कविता आली की मला खोकला यायचा. मुलांना वाटायचं खडूची धूळ.

खालून तुझा आवाज आला, "गुणवंता! हाय का रे जीव?"

आणि मी ओरडलो, "हाय! ये लवकर! पाय झाडून राह्यला!"

तू आलास. तोंडाला फेस होता. बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवलीस. रक्त आलं, पण जसं उसळून येतं तसं आलं नाही. तू माझ्याकडे पाहिलंस, मग पळसाच्या पानाला सुरी पुसलीस. एवढंच. माझी पाठ थोपटलीस का? मला वाटतं थोपटलीस. की ते मी नंतर जुळवलं, ठाऊक नाही.

चोपन्न वर्षं मला वाटत होतं, मी एक शब्द खोटा बोललो. परवा लच्छूनं त्याचं वजन सांगितलं. मी त्याला सहज म्हणालो, "बाबू किती जोरात पळाला होता गा!" तर तो हसला. "पळाला कुठी? नाल्यात बसला होता. मले म्हने, गेला तो, लच्छू, इतक्या वेळ जीव नाई राहत. तुमीच खा. म्हने, आज डाळ-भातावर रोजा सोडू. मंग तुह्या आवाजावर उठला. मी म्हटलं, काऊन उठतं? तं म्हने, गुणवंता हाय म्हनते."

बाबूभाई, तू सोडून दिलं होतंस. तू समाधानानं डाळ-भात खाल्ला असतास. मी तुला उठवलं, वाळल्या तोंडानं चढ चढायला लावला, आणि ते मटण तुझ्या घरी आणि चार घरांच्या इफ्तारीला गेलं.

मी एका मौलवींना विचारलं होतं, आठ-दहा वर्षांपूर्वी, आलापल्लीच्या गाडीत शेजारी बसले होते. दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून सांगितली. ते म्हणाले, "जिसने अनजाने में खाया, उस पर कुछ नहीं. जिसने खिलाया, वो जाने." म्हणजे रहमतभाभी, तुमच्यावर काही नाही. ते सारं माझ्याकडे आहे.

आता फक्त एक विचारायचं आहे, आणि तुला अडचणीत टाकायला नव्हे, खरंच जाणून घ्यायचं आहे म्हणून. सुरी फिरवताना तुझ्या हाताला कळलं होतं का? कळलं असेल, तर तू माझ्या शब्दावर का राहिलास? त्या संध्याकाळी मी तुमच्या ओट्यावर होतो. तू पोट बिघडल्याचं सांगून नुसतं खजूर-पाणी घेतलंस. ते खरंच बिघडलं होतं का? आणि आज चोपन्न वर्षांनी अंतर विचारतोस, ते जिशानसाठीच ना?

तुझ्या पत्रात 'कहा-सुना माफ' आहे. पण आपल्या दोघांत कहा माझं होतं आणि सुना तुझं. तू कशाची माफी मागतोस?

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं चंद्रपूरला येतो. तुझ्या दारात उभा राहीन. आत बोलावलंस तर भाभींच्या हातचा डाळ-भात खाईन. नाही बोलावलंस तर दुपारची परतीची गाडी आहे, ती पकडीन, आणि तरीही तुझा प्रवास सुखाचा होवो.

पापणी हलली नाही हे पाहूनही 'हाय' म्हणणारा,
तुझा
गुणवंता