दोन नव्हे, आठ दिवस

मंगळवार संध्याकाळ, मगरीबच्या नमाजानंतर

आजचा खर्च: काविळीची दुसरी माळ, एकशे एक रुपये. पहिलीचे एक्कावन्न मागच्या सोमवारी लिहिलेत.

सून नसीमाला सातवा महिना. डोळे पिवळे दिसले तेव्हा दवाखाना सोडून मी कडेगावच्या म्हाताऱ्याची माळ तिच्या डोक्यावर ठेवली. माळ लांबत खांद्यावर आली तशी पोरगी हसली, "अम्मी, उतरली बगा कावीळ." मलाही तसंच वाटलं. आज दुपारी माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी कोण हाय?"

माझा मुलगा सलीम बायकोला घेऊन सांगलीच्या दवाखान्यात गेलाय.

माझी लेक शबाना पुण्यात वीस वर्षं याच काविळीच्या विषाणूवर संशोधन करते. दर ईदला बजावते, "अम्मी, पोटुशीला कावीळ झाली तर एक दिवस घालवू नको." मी म्हणायचे, "व्हय गं डॉक्टरीणबाई, आधी शीरखुर्मा खा."

आज फोनवर तिनं पहिलं तेच विचारलं, "किती दिवस झाले?" मी म्हणाले, दोन. का म्हणाले? लाज वाटली. तिनं तेच सांगलीच्या डॉक्टरांना कळवलं.

नमाजाला उभी राहिले, पण दुआ तोंडातून निघेना. असं खोटं बोलून अल्लाहकडे काय मागू?

शबाना, हे माझ्यानं फोनवर बोलवणार नाही, म्हणून या पानाचा फोटो पाठवते. आठ दिवस झाले गं. माळ मीच घातली, सलीमला बोल लावू नको. आधी डॉक्टरांना खरं सांग, मग मला काय बोलायचं ते बोल. नसीमा माणसं ओळखायला लागली का, तेवढं वाचल्या वाचल्या उलट कळव.